वरच्या फळीवरचा चेहरा

४ फेब्रुवारी

ओव्हन बंद! ऐन कामाच्या आठवड्यात! प्लास्टिकचं शीट तापल्याशिवाय मऊ होत नाही, मऊ झाल्याशिवाय मुखवटा बनत नाही, आणि मिस्त्री फोनवर नुसता "येतो, येतो" करतोय. तीन पेशंटांचे मुखवटे अडकलेत. डॉक्टर विचारणार मला, मिस्त्रीला नाही.

वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर नवी बाई आहे. सगळे तिला खिडकीवालीच म्हणतात. घराला आग लागली, नवरा गेला, ही वाचली. कातडी लावायची तीन ऑपरेशनं झाली. जखमा भरल्या, पण आता वण वर यायला लागलेत — लाल, टणक, दोरीसारखे. माझं काम इथून सुरू होतं. तिच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यात प्लास्टरचा चेहरा ओतायचा, त्या चेहऱ्यावरचे वण चाकूनं तासून टाकायचे आणि तासलेल्या चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा बनवायचा. तो तिनं वर्षभर घालायचा, दिवसाचे बावीस तास. मुखवटा वण दाबत राहतो आणि कातडी हळूहळू तासलेल्या चेहऱ्यासारखी बसते.

एकोणीस वर्षं हेच करतेय. तरी कुणाला समजावून सांगताना अजून विचित्र वाटतं.

६ फेब्रुवारी

खिडकीवालीचा साचा घेतला. चेहऱ्यावर ओलं प्लास्टर, डोळे बंद, तोंड बंद, नाकपुड्यांत दोन नळ्या — वीस मिनिटं हलायचं नाही. भलेभले घाबरतात. मागे एक पैलवान अर्ध्यातून उठून पळाला होता, दाढीला प्लास्टर घेऊन! ही निपचित पडून राहिली. फक्त माझं बोट धरून होती. आणि काय धरलं होतं! अजून दुखतंय.

साचा निघाल्यावर पहिलं वाक्य — "ताई, मला मुलगी आहे."

माहीत आहे मला. सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. साडेचार वर्षांची. आगीच्या वेळी शेजारी खेळायला गेली होती म्हणून वाचली. आता आत्याकडे असते. आत्या तिला भिंगरी म्हणते, कारण एका जागी ठरत नाही. गेल्या आठवड्यात आत्या तिला घेऊन आली, तर पोरीनं आईकडे एकदा पाहिलं आणि असा टाहो फोडला की सिस्टर हातातला ट्रे टाकून धावली. "ही नाही आई! ही नाही!" तेव्हापासून वॉर्डाच्या दारात पाय ठेवायला तयार नाही.

"ती माझ्याकडे येईल ना, ताई?"

"येईल की," म्हणून बसले मी. आमच्या कामात असं वचन कुणी देतं का? जिभेला हाड नाही माझ्या!

८ फेब्रुवारी

फोटो नाही. एकही नाही. घरातले जळले, फोन जळला. लग्न दोन्हीकडच्यांच्या मनाविरुद्ध, त्यामुळे अल्बम वगैरे काही नाही. आत्यानं तिला आगीआधी एकदाच पाहिलेलं, तेही भांडताना. "भांडताना कोण नाक-डोळे बघत बसतं हो?" म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नमुना करा. वरचा ओठ आणि नाकाचं टोक मला त्यावरूनच बसवायचंय." म्हणजे प्लास्टरमध्ये मी जे करीन तेच तिच्या अंगावर येणार.

मास्तरांचा नियम होता. मला हे काम त्यांनीच शिकवलं. फोटो नसेल तर फक्त तासायचं, एक कणही भरायचा नाही. चेहरा अर्धवट राहिला तरी चालेल. नियम मला पाठ आहे. पण तासून तासून या बाईचा नुसता गुळगुळीत गोळा होणार, आणि त्या गोळ्याला पोरगी आई म्हणणार नाही.

आत्या जाता जाता म्हणाली, "पुढच्या वर्षी शाळेत नाव घालायचं आहे. तोवर आईकडे गेली तर गेली. नाहीतर माझ्याकडेच राहू दे, कायमची, रीतसर कागद करून. मला हौस नाही ताई, पण पोर झोपेत ओरडते. किती दिवस टांगून ठेवायची?" चुकीचं काहीच बोलली नाही. खिडकीवालीला हे कोण सांगणार? मीच सांगितलं. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

११ फेब्रुवारी

आज भिंगरी माझ्या खोलीत! आत्यानं पुन्हा प्रयत्न करून पाहिला, पोरगी वॉर्डाच्या दारातून पळाली ती थेट इथे. आत्या म्हणाली, "बसू दे घटकाभर, मी चहा घेऊन येते." मिस्त्री आजही फिरकला नव्हता, काम ठप्पच होतं. म्हटलं बस.

माझ्या खोलीत फळ्यांवर तीस-बत्तीस प्लास्टरचे चेहरे आहेत, सगळे डोळे मिटलेले. मोठी माणसं आत आली की दाराशीच थबकतात. ही बया सरळ आत. "हे सगळे झोपलेत?"

"हो."

"उठत नाहीत?"

"नाही."

मी विचारलं, तुझी आई कशी दिसते गं? तर म्हणाली, "आईसारखी." घ्या! नाक कसं? "नाकासारखं." मी कपाळावर हात मारला.

मग ती स्टुलावर चढली. एकेका चेहऱ्यावर पंजा ठेवायची, पूर्ण चेहऱ्यावर, आणि डोळे मिटायची. ही नाही. ही नाही. हा तर बाबा आहे कुणाचातरी. सगळ्यांत वरच्या फळीच्या टोकाला पोचली, तिथे थांबली. हात काढेचना.

"ही आई."

मी पाहिलं. तो माझा आहे. शिकाऊ असताना पहिला धडाच तो असतो — आपल्या स्वतःच्या तोंडाचा साचा. सव्वीस वर्षांची होते मी. मास्तरांनी ओतला होता.

१२ फेब्रुवारी

योगायोग. बाकी सगळे भाजलेले, वाकडे, वणांचे. धडधाकट चेहरा तो एकच. पोर तोच निवडणार, त्यात काय!

१५ फेब्रुवारी

केलं.

माझा जुना चेहरा खाली काढला आणि खिडकीवालीच्या शेजारी ठेवला. मापाचा कंपास लावून मापं घेतली. वरचा ओठ, नाकाचं टोक, डावी भुवई, हनुवटी — माझी भरली. दुपारी बसले ती चार वाजता उठले. हात एकदाही अडखळला नाही, नाहीतर एका ओठाला माझा दिवस जातो. डॉक्टर बघून खूश. "इतकं जिवंत काम तुमचं कधी पाहिलं नव्हतं." मी थँक्यू म्हटलं. कुणालाच सांगितलं नाही.

पोरीनं सांगितलं ना, ही आई म्हणून? मग!

२० मार्च

ओठाचं ऑपरेशन झालं. मुखवटा बसला. खिडकीवाली मुखवट्याआडून म्हणाली, "घट्ट आहे. कुणीतरी तोंड धरल्यासारखं वाटतं." सगळेच असं म्हणतात.

२ जून

नवा साचा घेतला. दर चार-पाच महिन्यांनी घ्यावाच लागतो, वण बसले की मुखवटा सैल होतो.

वण छान बसलेत. पण कंपास लावला आणि पुन्हा लावला. गालाच्या हाडांमधलं अंतर कमी झालंय. मुखवटा कातडी दाबतो. हाड हलवत नाही. हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे! गालाला मी हातही लावला नव्हता.

सूज उतरली असेल. सूजच.

३ जून

सूज नाही. डॉक्टरांना विचारलं. सूज मार्चमध्येच गेली होती.

१९ जुलै

खिडकीवालीला घरी सोडलं. आत्याच्याच गल्लीत एक खोली घेतलीय. भिंगरी लांबून बघते, दाराच्या फटीतून. जवळ येत नाही. पण ओरडतही नाही! खिडकीवाली हे सांगताना लहान मुलीसारखी हसत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. तिचा मुखवटा माझ्या गालाला लागला. नेमका बसला गालावर. दचकून मागे झाले मी.

८ सप्टेंबर

आज जेवताना नवऱ्यानं विचारलं, "दुपारी बसस्टॉपवर हाक मारली तर वळून पाहिलंस आणि ओळखही दिली नाहीस. एवढी कसली घाई?"

मी दुपारी खोलीत होते, मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये.

"आणि हिरवा ड्रेस कधी घेतलास?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, चष्मा बदला आता, नाहीतर कुणाचातरी मार खाल. हे हसले. मग म्हणाले, "बारीक दिसत होतीस. लग्नाच्या वेळी होतीस ना, तशी."

मी ताट उचलून आत गेले.

१० सप्टेंबर

खिडकीवाली तपासणीला आली. हिरवा ड्रेस.

लोक टक लावून बघतात म्हणून बसमध्ये मुखवटा काढून पिशवीत ठेवते म्हणाली. मी अशी ताडताड बोलले की सिस्टर बघायला आली. वर्षभराच्या मेहनतीची माती करायची आहे का? बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "परवा एका माणसानं मला हाक मारली, ताई. चांगल्या ओळखीच्यासारखी. मला वाटलं, आगीच्या आधीचं कुणी असेल. मी वेड्यासारखी रात्रभर आठवत बसले, कोण ते." मला तिची कीव आली आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदमच.

तिच्या वणांचा रंग अजून वेगळा आहे, कपाळावर वणाचा पट्टा आहे, मानेची कातडी ओढलेली. जवळून कुणी फसणार नाही. जवळून नाही.

१२ नोव्हेंबर

मास्तर आले! पाच वर्षांनी! काठी टेकत, धापा टाकत, आल्या आल्या माझ्या चाकूंना गंज चढलाय म्हणून बोलायला सुरुवात. इतकं बरं वाटलं. चहा पाजला. मग त्यांची नजर टेबलावर गेली. खिडकीवालीचा तिसरा नमुना होता, कालच ओतलेला, अजून चाकूही न लावलेला.

"हा तुझाच काढलास का परत?"

"नाही. पेशंटचा आहे."

मास्तरांनी चष्मा पुसला. नमुना हातात घेतला, अंगठ्यानं ओठावरून, भुवईवरून फिरवला. वरच्या फळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"किती भरलंस?"

सगळं सांगून टाकलं. पोरीचं, फोटोचं, शाळेचं. तोंडाला कुलूप लावून नऊ महिने काढले होते, एकदम सुटलं. मी रडले. मास्तरांनी ऐकून घेतलं.

"ओठ, नाक, एक भुवई, हनुवटी. बरोबर? मग उजवी भुवई कुणी केली? कान कुणी केले?"

कान! कानाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. मुखवटा कानापर्यंत जातही नाही.

"तुझा जुना फोड," म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर."

पेशंटचं काम संपलं की त्याचा नमुना फोडायचा, हा नियमच आहे. शेकडो फोडलेत मी. हातोडी घेतली. उचलली. नाही जमलं. माझ्याच कपाळावर मारायची होती! "उद्या फोडते," म्हटलं. मास्तर उठून गेले. चहा अर्धाच प्यायले होते.

१३ नोव्हेंबर

फोडला नाही.

६ जानेवारी

भिंगरी आता आईच्या खोलीत जाऊन बसते. अंतर ठेवून. पण माझ्याकडे येत नाही. आधी आली की चाकू माग, प्लास्टर कालव, प्रश्न विचारून विचारून नाकी नऊ आणायची. आज वऱ्हांड्यात भेटली, मी हाक मारली, तर माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कुठेतरी पाहिलंय पण आठवत नाही, असं.

घरी येऊन आरशात पाहिलं. यांना विचारलं, मी बदललेय का हो? "वय होतंय," म्हणाले. "सगळ्यांचंच होतं." नेहमी चेष्टा करतात, आज केली नाही.

२३ फेब्रुवारी

आज मुखवटा उतरवला. कायमचा.

सकाळपासून जीव टांगणीला. पुढच्या आठवड्यात शाळेत नाव घालायचं. आत्यानं कागद तयार ठेवलेत, पर्समध्येच होते. डॉक्टर, सिस्टर, आत्या, मी. खिडकीवाली खुर्चीत, हात मांडीवर घट्ट. तिनं वर्षभर आरसा मागितला नव्हता. आज मागितला. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मलाच विचारलं, "मी अशीच होते का, ताई?"

मी "हो" म्हटलं.

भिंगरी आत आली. दाराशी थांबली. माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. परत माझ्याकडे! आत्यानं श्वास रोखून धरला होता. मग पोरगी हळूहळू खुर्चीपाशी गेली, पंजा उचलला आणि आईच्या पूर्ण तोंडावर ठेवला. डोळे मिटले. तिथे, फळीपाशी केलं होतं, अगदी तसं.

"आई," म्हणाली.

काय रडली खिडकीवाली! सिस्टर रडली, आत्या रडली. आत्यानं कागद फाडले आणि तुकडे माझ्याच ॲप्रनच्या खिशात कोंबले. डॉक्टर खिडकीबाहेर बघत नाक शिंकरत होते. मलाही आनंद झाला, खोटं कशाला लिहू? पण हेवाही वाटला. मला मूल नाही. माझ्या तोंडावर कुणी असा हात ठेवला नाही.

१ मार्च

भिंगरी फ्रॉकच्या खिशात खडू भरून आली, शाळेत नाव घातलं म्हणून सांगायला. आईचं बोट धरून. मी सहज विचारलं, त्या दिवशी एवढ्या चेहऱ्यांतून तू तोच कसा काय निवडलास गं?

"ती गरम होती. बाकीच्या गार."

एवढंच! मी तर हसायलाच लागले. वर्षभर छातीवर धोंडा घेऊन फिरतेय! ती फळी ओव्हनच्या बरोब्बर वर आहे, तापणारच. त्यात आईचा काय संबंध, माझा काय संबंध. पोरीनं ऊब निवडली. हसत हसतच घरी आले. आणि मग, का कोण जाणे, ही वही मागे उलटली.

११ फेब्रुवारी. मिस्त्री आलेला नाही. ओव्हन आठवडाभर बंद होता.

२ मार्च

ओव्हन सुरू करायच्या आधी स्टुलावर चढले. वरच्या फळीच्या टोकाला हात लावून पाहिला.

गार आहे. आता गार आहे.

९ मार्च

खिडकीवालीची जुनी मैत्रीण आली होती, लग्नाआधी जिच्यासोबत काम करायची ती. पत्ता शोधत शोधत इथवर. खिडकीवाली तेव्हा माझ्याच खोलीत होती, मलम न्यायला आलेली, भिंगरी मांडीवर. मैत्रिणीनं दारातून आम्हा दोघींना पाहिलं आणि म्हणाली, "माफ करा, चुकीच्या खोलीत आले वाटतं." खिडकीवालीनं आवाज दिला तेव्हा वळली. आवाजावरून ओळखलं.

तिनं पिशवीतून फोटो काढला. त्या दोघी मैत्रिणींचा, टेबलाशी बसून हसतानाचा. खिडकीवालीचं पसरट नाक, जाड ओठ, दाट भुवया, हनुवटीवर खळी. हसरी, गोल तोंडाची बाई. माझ्यासारखं तिच्यात काहीही नव्हतं. काहीही नाही.

खिडकीवालीनं फोटो दोन्ही हातांत धरला. मग वर माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

भिंगरीनं मान पुढे काढली, हसऱ्या बाईवर बोट ठेवलं. "ही कोण?"

मैत्रीण तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीवालीनं तिचा हात दाबला. दुसऱ्या हातानं पोरीचे केस सारखे केले.

"कुणी नाही गं. होती एक बाई," म्हणाली आणि फोटो माझ्या ॲप्रनच्या खिशात घातला.